छोट्या विमानतळावरून जाताय? मग आधी हवा, वजन आणि उजेड समजून घ्या

मोठ्या विमानतळांची सवय असलेला माणूस पहिल्यांदा बेटावरच्या किंवा डोंगरातल्या एखाद्या छोट्या विमानतळावर जातो तेव्हा त्याला वाटतं इथे तर सगळं सोपंय, एक खोली, एक काउंटर, एक दार आणि दाराबाहेर विमान उभं. आत वावरायला सोपं आहेच, रांगा नाहीत, किलोमीटरभर चालणं नाही. पण प्लॅनिंग करायला मात्र हे विमानतळ अवघड असतात, कारण मोठ्या ठिकाणी एक फ्लाइट गेली तर दोन-चार तासात दुसरी मिळते, इथे दुसरी उद्या असते, कधी परवा, आणि काही बेटांवर तर थेट पुढच्या आठवड्यात. आणि जी आहे ती उडेल की नाही हे टाइमटेबल ठरवत नाही, हवा, वजन आणि उजेड हे तिघं ठरवतात. हे तीन नीट समजले की बाकी सगळं आपोआप जमतं, म्हणून मी जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे.

बुकिंग करायच्या आधी

पहिली गोष्ट अगदी साधी, विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. नुसत्या गावाच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाची दोन गावं जगात भरपूर आहेत, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड एसवायडी आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या छोट्या सिडनीचा वायक्यूवाय, आणि चुकीच्या सिडनीला पोचलेले प्रवासी खरंच होऊन गेलेत. बेटांच्या बाबतीत अजून एक भानगड असते, बेटाचं नाव, गावाचं नाव आणि विमानतळाचं नाव तिन्ही वेगवेगळी असतात, त्यामुळे नकाशा उघडून रनवे नक्की कुठल्या बेटावर आहे आणि तुमचा मुक्काम कुठल्या बेटावर आहे हे बघूनच पैसे भरा.

मग फ्लाइट कुठल्या वारी आहे ते बघा. रोज असेलच असं धरू नका. आणि जुन्या ब्लॉगवरचं किंवा मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावरचं टाइमटेबल तर अजिबात धरू नका, याला कारण आहे. असे बरेचसे छोटे रूट तिकिटाच्या पैशावर चालूच शकत नाहीत, त्यांना सरकारी मदत लागते. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचे निर्बंध उठवले तेव्हा छोट्या गावांची सेवा बंद पडू नये म्हणून इसेन्शियल एअर सर्व्हिस नावाची योजना आणली, युरोपात पब्लिक सर्व्हिस ऑब्लिगेशन म्हणतात, भारतात २०१६ पासून उडान आहे. यात ठराविक वर्षांचा करार असतो, करार संपला की कंपनी बदलू शकते, विमान बदलू शकतं, वार बदलू शकतात, कधी रूटच बंद होतो. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या तारखेची फ्लाइट दिसतेय का तेवढंच खरं.

काही ठिकाणी तर टाइमटेबल निसर्गच लिहितो. स्कॉटलंडच्या बारा बेटावर विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं, ट्राय व्होर नावाचा किनारा आहे, त्यावर लाकडी खांबांनी तीन रनवे आखलेत आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली जातात. त्यामुळे तिथल्या फ्लाइटच्या वेळा भरती-ओहोटी बघून ठरवलेल्या असतात, सोमवारी दुपारी होती म्हणजे गुरुवारीही त्याच वेळेला असेल असं नाही.

परवानगी लागते का तेही बुकिंगच्या आधीच बघा, नंतर नाही. लक्षद्वीपमध्ये अगत्तीला जायचं तर तिकिटाबरोबर प्रवेशाचं परमिट लागतं आणि ते हातात येईपर्यंत तिकिटाला काही अर्थ नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कनेक्शन. छोट्या विमानाची फ्लाइट आणि पुढची लांबची फ्लाइट शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. एका तिकिटावर असतील तर पहिली लेट झाल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेला प्रवासी असता, धुकं होतं की वादळ याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एका तिकिटावर मिळतच नसेल, आणि छोट्या कंपन्यांचं बऱ्याचदा मिळत नाही, तर मध्ये एक रात्र ठेवा.

ही रात्र कुठे ठेवायची यावर माझं मत ठाम आहे. सगळे जाताना ठेवतात, मी सांगेन येताना ठेवा. जाताना उशीर झाला तर बेटावरचा एक दिवस कमी होतो, वाईट वाटतं पण भागतं. येताना उशीर झाला तर घरी जायचं मोठं तिकीट जातं, सुट्टी संपलेली असते, खिसाही बराच रिकामा झालेला असतो. म्हणून बेटावरचा शेवटचा दिवस मोकळा ठेवण्यापेक्षा एक दिवस आधी निघा आणि तो जादाचा दिवस मोठ्या विमानतळाच्या गावात काढा. तिथून पुढे जायला चार मार्ग असतात, बेटावरून निघायला एक नाहीतर दोन.

वजन, म्हणजे तुमचंही आणि बॅगचंही

विमान कुठलं आहे हे बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा, त्यावरून निम्मं कळतं. एटीआर ७२ असेल तर साधारण सत्तर लोकांचं विमान, त्यातल्या त्यात मोठं. डॅश ८ चं छोटं मॉडेल चाळिशीच्या आतबाहेर. ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर २२८ असेल तर १९ सीट. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर असेल तर प्रवासी नऊच्या आसपास, कॉकपिटला दार नाही, पायलट समोर दिसतो आणि सेफ्टीच्या सूचना तोच मागे वळून देतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट याच आयलँडरने चालते, २.७ किलोमीटर, दोन मिनिटांच्या आत संपते.

विमान जितकं छोटं तितका प्रत्येक किलो महत्त्वाचा. मोठ्या विमानात सगळ्यांचं सरासरी वजन धरून हिशोब करतात, छोट्या विमानात सरासरी धरून चालत नाही कारण नऊ माणसांत दोघं भारी असली तर हिशोबच बदलतो. म्हणून काउंटरवर तुम्हाला बॅगसकट वजनकाट्यावर उभं करतील किंवा वजन विचारतील. लाजू नका आणि कमी सांगू नका, मनापासून सांगतो, तो आकडा पायलटच्या टेक-ऑफच्या हिशोबात जातो. सीटही तेच देतील, कोण पुढे कोण मागे हे वजनाचा तोल बघून ठरतं. नवरा-बायको वेगळे बसले तर वाद घालू नका, पायलटला विचारल्याशिवाय जागा बदलू नका.

आता रनवेची गोष्ट. मोठ्या विमानतळाचा रनवे तीन किलोमीटर किंवा जास्त लांब असतो. कॅरिबियनमधल्या साबा बेटावरचा रनवे ४०० मीटर आहे, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. नेपाळमध्ये लुक्लाचा ५२७ मीटर, तोही सुमारे २,८४५ मीटर उंचीवर आणि जवळपास १२ टक्के चढाचा, विमान चढावर उतरतं आणि उतारावरून उडतं. एवढ्या छोट्या रनवेवर विमान किती जड असू शकतं याला कडक मर्यादा येते. त्यात दुपारी ऊन वाढलं की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी पडते, म्हणजे सकाळी जे वजन चाललं असतं तेच दुपारी चालत नाही. शिवाय बऱ्याच छोट्या बेटांवर इंधन मिळत नाही म्हणून विमान येतानाच परतीचं इंधन भरून येतं, तेही वजन. एवढं सगळं धरून जे उरतं ते प्रवाशांचं आणि बॅगांचं, आणि माणसं तर मागे ठेवता येत नाहीत, मग काय मागे राहतं हे उघड आहे. बॅग.

म्हणजे तुमची चेक-इन बॅग पुढच्या फ्लाइटने येऊ शकते आणि पुढची फ्लाइट उद्याची असू शकते, यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. यावर उपाय एकच, पॅकिंगच असं करा की बॅग एक-दोन दिवस आली नाही तरी अडणार नाही. रोजची औषधं, चष्मा, कागदपत्रं, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि त्या हवेला लागेल ते जॅकेट हे सगळं अंगावर किंवा हातातल्या छोट्या पिशवीत. औषधं जेवढ्या दिवसांची लागतील त्यापेक्षा आठवडाभराची जास्त घ्या, छोट्या बेटावर तुमचं नेमकं औषध मिळेलच असं नाही आणि परतीची फ्लाइट अडकली तर तेव्हाही लागतील.

बॅग मऊ कापडाची घ्या. चाकांची कडक सुटकेस आयलँडरच्या किंवा ट्विन ऑटरच्या सामानाच्या कप्प्यात आडवीतिडवी बसत नाही, मऊ बॅग कुठेही दाबून बसवता येते आणि वजनकाट्यावरही दोन-तीन किलोंनी हलकी भरते. वजनाची मर्यादा छोट्या फ्लाइटची वेगळी असते हे विसरू नका, लांबच्या फ्लाइटला २३ किलो चालले म्हणून इथे चालतील असं नाही, लुक्लाच्या फ्लाइटला हातातलं धरून १५ किलोच्या आसपास असतं. जास्तीचं सामान असेल तर ते मोठ्या गावात ठेवून जायची सोय होते का बघा, मला तोच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा. एटीआरसारख्या विमानात वरचे कप्पे लहान असतात त्यामुळे तुमची केबिन बॅग विमानाच्या शिडीपाशी काढून घेऊन खाली सामानात टाकू शकतात. त्या क्षणी बॅगमधली पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढून स्वतःजवळ ठेवायच्या, त्या सामानात जाऊ द्यायच्या नाहीत, आग लागली तर खाली विझवायला कोणी नसतं. म्हणून त्या आधीपासूनच बॅगच्या बाहेरच्या खिशात किंवा वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा म्हणजे रनवेवर वाऱ्यात बॅग उपसत बसावं लागणार नाही.

हवा कशी वाचायची

इथे थोडा अभ्यास करा, खरंच उपयोगी पडतो. पावसाने फ्लाइट क्वचितच रद्द होते. रद्द होते ती तीन गोष्टींनी, ढग खूप खाली आलेत, धुक्याने दिसत नाहीये, किंवा वारा आडवा आहे.

मोठ्या विमानतळावर आयएलएस नावाची रेडिओ सिस्टिम असते, ती विमानाला ढगातून थेट रनवेपर्यंत आणते. खूपशा छोट्या विमानतळांवर ती नसते, पायलटला एका ठराविक उंचीपर्यंत खाली आल्यावर रनवे डोळ्याने दिसलाच पाहिजे, नाही दिसला तर परत वर. काही ठिकाणी तर सगळा प्रवासच डोळ्याने बघत करायचा असतो, लुक्ला तसंच आहे. भूतानच्या पारोलाही फक्त दिवसाउजेडी आणि डोळ्याने डोंगर दिसत असतानाच उतरतात आणि तिथे उतरायला खास परवाना असलेले मोजकेच पायलट आहेत.

तुमच्या विमानतळाचा मेटार शोधा, म्हणजे त्या क्षणाच्या हवेचा रिपोर्ट, साधारण दर तासाला किंवा अर्ध्या तासाला निघतो आणि नेटवर फुकट बघता येतो. छोट्या पट्टीचा स्वतःचा नसेल तर जवळच्या मोठ्या विमानतळाचा बघा. दिसायला कोडं वाटतं पण तीनच गोष्टी वाचायच्यात. वारा, उदाहरणार्थ २७०२५जी३८केटी असं असेल तर वारा २७० अंशाकडून म्हणजे पश्चिमेकडून येतोय, वेग २५ नॉट आणि झोत ३८ नॉटपर्यंत, एक नॉट म्हणजे ताशी जवळपास १.८५ किलोमीटर. दुसरं, किती लांबचं दिसतंय आणि ढग किती फुटांवर आहेत. तिसरं, तापमान आणि दवबिंदू, हे दोन आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले, एक-दोन अंशांचा फरक उरला, की धुकं पडायची शक्यता वाढली असं समजा. पुढच्या काही तासांचा अंदाज हवा असेल तर टॅफ नावाचा दुसरा रिपोर्ट असतो.

वाऱ्याचं अजून थोडं. रनवेवर जो आकडा रंगवलेला असतो त्याला दहाने गुणा, ती त्याची दिशा. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व, आणि त्याच रनवेचं दुसरं टोक २७, पश्चिम. वारा रनवेच्या रेषेत समोरून असेल तर जोराचाही चालतो, उलट उडायला मदतच होते. तोच वारा उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आला तर पूर्ण आडवा, आणि प्रत्येक विमानाला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते. बहुतेक छोट्या विमानतळांना एकच रनवे असतो त्यामुळे दुसऱ्या दिशेने उतरू असं म्हणता येत नाही. म्हणून बाहेर छान ऊन पडलंय, आकाश निळंशार आहे आणि तरी फ्लाइट रद्द, असं होतं तेव्हा चिडू नका, विंडसॉक बघा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, तो रनवेला काटकोनात ताठ उभा असेल तर उत्तर तिथेच आहे.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाचा विमानतळ २०१६ मध्ये बांधून तयार होता, पण रनवेच्या टोकाशी वारा एकदम बदलतो हे लक्षात आलं आणि नियमित प्रवासी फ्लाइट सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. वाऱ्यापुढे सरकारांचंही चालत नाही, आपण कोण.

मग कुठली फ्लाइट घ्यायची, सकाळची की दुपारची? सगळे डोळे झाकून सकाळची सांगतात, मी म्हणेन जागा बघा. डोंगरात सकाळचीच, दिवस चढला की दरीतून वारा सुटतो, ढग चढतात, लुक्लाच्या फ्लाइट त्यामुळेच सकाळीच उरकतात. पण जिथे रात्रीचं धुकं दरीत किंवा किनाऱ्यावर साचून राहतं आणि दहा-अकराला निवळतं तिथे पहाटेची फ्लाइट घेऊन तुम्ही फक्त लवकर उठता. सकाळच्या फ्लाइटचा दुसरा फायदा मात्र सगळीकडे खरा आहे, एकच विमान दिवसभर बेटाबेटांवरून फिरत असतं आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा उशीर साठत जातो, तो उशीर संध्याकाळच्या प्रवाशांच्या वाट्याला येतो. आणि सकाळची हुकली तर त्याच दिवशी दुसरी मिळायची आशा असते, संध्याकाळची हुकली तर संपलं.

कारण उजेड. रनवेला दिवे नसतील तर सूर्य मावळला की दुकान बंद. कॅरिबियनमधल्या सेंट बार्ट्स बेटाचा जेमतेम ६५० मीटरचा रनवे सूर्यास्तालाच बंद होतो. त्यामुळे दुपारी दोनची फ्लाइट लेट होत होत पाचवर गेली आणि सहाला सूर्यास्त असेल तर आता ती येणार नाही हे तुम्ही स्टाफच्या आधी ओळखू शकता, आणि राहायची सोय बघायला लागा. थंडीच्या महिन्यांत उत्तरेकडच्या देशांत दिवस इतका लहान असतो की हा हिशोब बुकिंग करतानाच करावा लागतो.

निघायच्या दिवशी

लवकर किती जायचं? तीन तास आधी जाऊ नका, दार उघडं नसेल. खूपसे छोटे टर्मिनल फ्लाइटच्या आधी तास-दीड तास उघडतात आणि फ्लाइट गेली की बंद होतात. पण चेक-इन बंद व्हायची वेळ मात्र काटेकोर पाळा, आणि त्याच्याही पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण यादीतले सगळे आले, बॅगा भरल्या, हवा चांगली आहे, तर काही ठिकाणी विमान वेळेच्या आधीही निघतं. जो माणूस उशिरा येणार होता तो फोन करून सांगतो आणि थांबायला सांगतो, तुम्ही परके, तुमचा नंबर त्यांच्याकडे असू द्या. म्हणून बुकिंगमध्ये बेटावर चालणारा मोबाइल नंबर द्या, ट्रॅव्हल एजंटचा नको.

घरून निघायच्या आधी विमान कुठे आहे ते बघा. तुमच्या फ्लाइटचं विमान आधी कुठून येणार आहे हे ट्रॅकिंग ॲपवर दिसतं, ते अजून तिकडेच अडकलं असेल तर तुम्हालाही वेळ आहे. फक्त एक, दुर्गम बेटांवर खाली उडणारं विमान ॲपवर मधूनच गायब होतं कारण सिग्नल पकडायला जवळ रिसीव्हर नसतो, तेव्हा ते नकाशावरून गेलं म्हणून घाबरून जाऊ नका.

तिथे जो माणूस तुमची बॅग घेतो तोच कदाचित नंतर पिवळं जॅकेट घालून विमानाला दिशा दाखवतो आणि तोच फायर ट्रकवर बसतो. विमान उतरताना काउंटर रिकामा दिसला तर याचं कारण हेच, बऱ्याच ठिकाणी आगीची गाडी तयार नसेल तर विमानाला उतरताच येत नाही. तेव्हा तुमचे प्रश्न विमान यायच्या आधी विचारून घ्या.

व्हीलचेअर लागत असेल, चढायला त्रास होत असेल तर निदान दोन दिवस आधी कंपनीला फोनवर सांगा. एरोब्रिज नसतो, शिडी असते, आयलँडरमध्ये तर पाय उंच टाकून वाकून आत शिरावं लागतं. उचलून चढवायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि हे ऐनवेळी कळणं फार वाईट.

विमानाकडे चालत जाताना आखलेल्या रेषेतून जा, लहान मुलाचा हात घट्ट धरा, टोपी आणि ओढणी सांभाळा, फोटो काढत मागे सरकू नका. फिरणारा प्रोपेलर डोळ्यांना नीट दिसत नाही, धोका तोच आहे. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे शेपटीकडे असतं आणि सामान पुढे, चढताना शेपटीखाली एक दांडा लावलेला दिसेल, मागे एकदम गर्दी होऊन विमान मागे कलू नये म्हणून तो असतो.

सीटबद्दल एक आनंदाची बातमी, एटीआर, डॅश ८, ट्विन ऑटर, आयलँडर या सगळ्यांचे पंख खिडकीच्या वर असतात त्यामुळे जवळजवळ कुठूनही खाली मस्त दिसतं. फक्त प्रोपेलरच्या रेषेतल्या सीटवर आवाज जास्त, कानाला त्रास होत असेल तर मागे मागा आणि इअरप्लग ठेवा. हेलकावे बसतात, हे छोट्या विमानात नेहमीचं आहे, मळमळत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

मध्ये थांबे असतील तर लक्ष द्या. अलास्काच्या किनाऱ्यावर केचिकन, रँगेल, पीटर्सबर्ग अशी गावं घेत जाणारी फ्लाइट आहे, नॉर्वेच्या उत्तरेला तर ८०० मीटरच्या रनवेंची साखळीच आहे आणि विमान एकेका ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं टेकून पुढे जातं. घोषणा नीट ऐका, आपलं गाव आलं नसेल तर उतरू नका. आणि काही छोट्या ठिकाणी सिक्युरिटी तपासणी नसते, तिथून मोठ्या विमानतळावर आलात की बॅग घेऊन परत पहिल्यापासून तपासणी होते, कनेक्शनचा वेळ धरताना तो अर्धा-पाऊण तास धरा.

फ्लाइट रद्द झाली तर

थांबवून ठेवलीये की रद्द केलीये, आधी हे विचारा. मग नेमकं कारण विचारा, इथली हवा, तिकडची हवा, की विमान बिघडलंय. इथलं धुकं असेल तर दोन तासात सुटू शकतं, विमान बिघडलं असेल तर दुसरं आणावं लागतं आणि ते आज होत नाही. मग विचारा पुढची नक्की जागा असलेली फ्लाइट कुठली, आणि तुमचं नाव त्यात घातलंय का ते समोर बघून घ्या.

इथे एक गणित आहे जे खूप जणांना माहीत नसतं. उद्याच्या फ्लाइटमध्ये ज्यांचं आधीपासून बुकिंग आहे त्यांची जागा त्यांचीच राहते, आजचे अडकलेले लोक उरलेल्या रिकाम्या जागांवर जातात. १९ सीटच्या विमानात रिकाम्या किती असणार, तीन, चार? आणि उद्याचीही रद्द झाली तर परवा दोन दिवसांचे लोक त्याच तीन-चार जागांसाठी. म्हणून बोटीने जायचं असेल तर तो निर्णय पहिल्याच दिवशी घ्या, तिसऱ्या दिवशी बोटही भरलेली असते.

बोटीचं टाइमटेबल प्रवासाला निघतानाच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. विमान आणि बोट एकाच हवेने थांबत नाहीत हे फार कामाचं आहे. धुक्यात विमान थांबतं, बोट बहुतेक वेळा जाते. लांबून आलेल्या मोठ्या लाटा असतील आणि वारा शांत असेल तर बोट धक्क्याला लागत नाही पण विमान आरामात जातं. वादळी वाऱ्यात मात्र दोन्ही बंद, तेव्हा खोली आणखी एक रात्र मिळतेय का ते लगेच बघा, बाकीचे बघायच्या आत.

हक्कांचं थोडक्यात. युरोपियन युनियनच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे हवेमुळे रद्द झालं तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवणं, आणि वाट बघताना खाणं-राहणं, हे मिळायलाच हवं. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत, तुमच्या कंपनीच्या अटी आधी वाचून ठेवा. पावत्या जपा, रद्द झाल्याचा मेसेज किंवा लेखी कागद मागून घ्या, विम्याला तोच लागतो. विमा घेताना त्यात उशीर, हुकलेलं कनेक्शन आणि आजारपणात विमानाने हलवणं हे तिन्ही आहे का बघा.

आणि पेशंटला न्यायला विमान आलं म्हणून तुमची फ्लाइट मागे गेली तर शांतपणे जागा द्या. त्या बेटावरच्या लोकांना मोठं हॉस्पिटल या एकाच पट्टीवरून मिळतं, आपण तिथे चार दिवसांचे पाहुणे असतो.

उतरल्यावर

टॅक्सी उभी असेल असं धरू नका. जी एखाद-दुसरी असते ती फ्लाइटच्या वेळेला येते आणि पहिल्या माणसाला घेऊन जाते, म्हणून राहायच्या ठिकाणी आधीच फ्लाइट नंबर देऊन न्यायला कोण येणार ते ठरवा आणि उशीर झाला तरी ते थांबतील का ते विचारा. एटीएम नसेल किंवा चालत नसेल, दोन दिवसांची रोकड आधीच्या मोठ्या गावातून घ्या. नकाशा, बुकिंगचे कागद, फोन नंबर ऑफलाइन ठेवा आणि दोन महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा, तुमच्या सिमचं नेटवर्क बेटावर असेलच असं नाही.

रनवेच्या आसपास फिरताना पाट्या वाचा. कुंपण नसलं म्हणजे जायला मोकळं असं नाही, बारा बेटावर विंडसॉक लावलेला असेल तर किनारा विमानांसाठी चालू आहे असा अर्थ असतो आणि तेव्हा त्या वाळूवर पाय ठेवायचा नसतो. ड्रोन तर पेटीतून काढूच नका जोपर्यंत विमानतळावर विचारून लेखी हो मिळत नाही.

परतीच्या फ्लाइटची खात्री आदल्या दिवशी फोनवर करा, आणि फोन करायचा तो बेटावरच्या ऑफिसला, मुख्य कॉल सेंटरला नाही. कॉल सेंटरवाला स्क्रीनवरचं सांगतो, बेटावरचा माणूस खिडकीबाहेर बघून सांगतो. तो म्हणाला की उद्या दुपारनंतर वारा फिरणार आहे, जमलं तर सकाळच्या फ्लाइटला या, तर विचार करत बसू नका, तारीख-वेळ बदलून घ्या आणि रात्रीच बॅग भरा.